हँक विल्यम्सच्या सत्तर वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डी अजून का धरून ठेवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हँक विल्यम्स हा अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे दक्षिणेकडच्या ग्रामीण वळणाच्या संगीताचा गायक. त्याची ध्वनिमुद्रणं १९४६ ते १९५२ मधली. सगळी मोनो (एकाच वाहिनीची), बहुतेकांत ड्रम नाही, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दोन नाहीतर तीन, आणि अलाबामाच्या बोलीमुळे पहिल्यांदा ऐकताना निम्मे शब्द निसटतात. तरी एक गाणं लावलं की पुढची चार ऐकल्याशिवाय उठवत नाही. हे कशामुळे होतं, आणि नीट ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

माझा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा. त्यातली बरीच वर्षं जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आणि टेपा स्वच्छ करून डिजिटल करण्यात गेली, मुख्यतः नाट्यगीतं आणि भावगीतं. शिवाय मी स्टील गिटार वाजवतो, जिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात. तेव्हा मी याचं उत्तर रेकॉर्ड कशी घडवली आहे त्या बाजूने देतो, कारण माझ्या मते खरं कारण तिथेच आहे.

हे कारण लोक सहसा त्याच्या आयुष्यात शोधतात. ते आयुष्य कठीण होतं, यात शंका नाही. १७ सप्टेंबर १९२३ ला अलाबामातल्या माउंट ऑलिव्ह इथे जन्म, मणक्यात जन्मजात दोष, त्यामुळे कायमची पाठदुखी. वडील वर्षानुवर्षं माजी सैनिकांच्या रुग्णालयात, आईने भाडेकरू ठेवून घर चालवलेलं. पुढे दारू, वेदनाशामकं, मोडलेला संसार, ऑगस्ट १९५२ मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमातून हकालपट्टी आणि १ जानेवारी १९५३ ला, ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना, मोटारीच्या मागच्या सीटवर मृत्यू. वय २९. हे ठाऊक असलं की काही ओळी जास्त लागतात. पण १९४९ मध्ये ज्यांनी ‘लव्हसिक ब्लूज’ विकत घेऊन ते सोळा आठवडे कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवलं, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त एक तबकडी होती. आणि दुःखात जगून तरुणपणी गेलेले इतर कितीतरी गायक आहेत, ज्यांच्या तबकड्या आता कोणी लावत नाही.

या रेकॉर्डी गोंगाटात ऐकण्यासाठी बनवलेल्या होत्या, आणि त्यासाठी त्यांतून जे जे काढून टाकावं लागलं त्यामुळेच त्या टिकल्या, असं माझं मत आहे.

हा गोंगाट हॉन्की-टॉन्कचा. हॉन्की-टॉन्क म्हणजे गावाबाहेरच्या रस्त्यावरचा स्वस्त दारूचा अड्डा. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलाच्या पट्ट्यात, मग सगळ्या दक्षिणेत, असे अड्डे वाढले. तिथे नाच चालायचा, बाटल्या आपटायच्या, मारामाऱ्या व्हायच्या, आणि कोपऱ्यात नाणं टाकून वाजवायचा ज्यूकबॉक्स असायचा. डोंगराकडच्या जुन्या वळणाचं साध्या गिटारीवरचं गाणं त्या आवाजात बुडून जाई. अर्नेस्ट टब या टेक्सासच्या गायकाला ज्यूकबॉक्सवाल्यांनी हीच तक्रार सांगितली, की गर्दी वाढली की तुझी गाणी ऐकू येत नाहीत. त्याने विजेची गिटार घेतली आणि १९४१ च्या ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ने पुढच्यांना वाट दाखवली. विषयही बदलले. आई, गावचं घर, देवळातली प्रार्थना यांच्या जागी फसवणूक, घटस्फोट, रिकामा ग्लास आले, कारण ऐकणारी माणसं शेत सोडून कारखान्यात आणि तेलविहिरींवर आली होती. हँक किशोरवयापासून अलाबामातल्या अशाच जागी गायचा, आणि त्याची आई दारात उभी राहून पैसे गोळा करायची.

आता रेकॉर्ड ऐका. ‘युअर चीटिन हार्ट’ लावा आणि पहिले काही क्षण फक्त स्टील गिटारकडे लक्ष द्या. डॉन हेल्म्स ती खूप वर, जवळजवळ टोचेल इतक्या वरच्या पट्टीत वाजवतो. हा अपघात नव्हता. हँकचा निर्माता आणि प्रकाशक फ्रेड रोझ याने त्याला बजावलं होतं की हँक खाली गात असेल तेव्हा तू वर राहा. हेल्म्स हे नंतरही सांगत असे. यातलं शहाणपण माझ्यासारख्याला लगेच कळतं. त्या काळच्या रेडिओवर वरचे सूर फार दूर जात नसत, ज्यूकबॉक्सचे स्पीकर खालचा आवाज फुगवत. मधल्या पट्ट्यात जे असेल ते माणसाच्या कानापर्यंत खात्रीने पोहोचायचं. तो मधला पट्टा रोझने हँकच्या गळ्यासाठी मोकळा ठेवला. स्टील आणि फिडल (व्हायोलिन) वर, बास तळाशी, आणि मधे गायक एकटा.

लाखेची तबकडी हजार वेळा वाजली की तिच्या खाचांतले वरचे बारीक सूर आधी झिजतात, खाली घरघर वाढते. अशा झिजलेल्या तबकडीतून गाणं परत मिळवताना मी अनेकदा हात टेकले आहेत, कारण ज्या रेकॉर्डीत ऑर्केस्ट्रा आणि गळा एकाच पट्ट्यात कोंबलेले असतात तिथे झीज दोघांनाही खाते. हँकच्या झिजलेल्या तबकडीतूनही गाणं शाबूत निघतं. जे जायचं ते आजूबाजूचं जातं.

ठेक्याचंही तसंच. ड्रम नाही, मग नाच कशावर व्हायचा? रिदम गिटार वाजवणारा कॉर्ड दाबून लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडतो, त्यामुळे सूर गुंजत नाही, फक्त ‘चक’ असा कोरडा आघात उरतो. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, हा ‘चक’ दुसऱ्या आणि चौथ्या. झाला ड्रम. शिवाय सूर लगेच विझत असल्यामुळे दोन आघातांच्या मधे खरीखुरी शांतता असते, आणि हँक नेमका तिथे शब्द ठेवतो. हे वादक लोक किती कमी वाजवतात ते मोजायला बसलात तर थक्क व्हाल. गायक गातोय तोवर फिडल आणि स्टील बहुधा एकमेकांना जागा देतात, दोघं एकाच वेळी बोलत नाहीत. आपल्याकडे चांगला संवादिनीवाला गायकाच्या श्वासाची वाट पाहतो, तीच शिस्त इथे आहे.

कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधली बहुतेक रेकॉर्डिंग टुलेन हॉटेलातल्या ‘कॅसल’ स्टुडिओत झाली. डब्ल्यूएसएम रेडिओच्या तीन इंजिनीअरांनी नोकरी सांभाळून चालवलेला हा स्टुडिओ. सगळे वादक आणि गायक एकाच खोलीत, समतोल तिथल्या तिथे साधायचा, मागाहून दुरुस्ती नाही. चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तीन तासांच्या सत्रात साधारण चार गाणी व्हायची. २३ सप्टेंबर १९५२ ला, त्याच्या शेवटच्या सत्रात, ‘युअर चीटिन हार्ट’, ‘कॉ-लायगा’ आणि ‘टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट’ ही तिन्ही एकाच बैठकीत झाली, आणि चौथं ‘आय कुड नेव्हर बी अशेम्ड ऑफ यू’ही. त्या दिवशी इलेक्ट्रिक गिटारवर नॅशव्हिलचा नामांकित वादक चेट ॲटकिन्स होता. माणूस खंगलेला होता, पण गळ्यात त्याचा मागमूस नाही. मी ते सत्र अनेकदा एका ओळीत ऐकलंय आणि दर वेळी त्या कामगिरीपुढे मान झुकते.

आपल्या जुन्या पिढीला यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ७८ ची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. नाट्यसंगीताच्या मोठमोठ्या गायकांनी रंगभूमीवर अर्धा-अर्धा तास खुलवलेली पदं त्या तीन मिनिटांत बसवली, आणि बसवताना फक्त गाभा ठेवला. हँकला ती मर्यादा कधी आड आली नाही, कारण त्याची गाणीच तेवढ्या अंगाची होती.

आता गळा. त्याची सगळ्यात ओळखीची जागा म्हणजे आवाजाची मोड: छातीतून निघालेला सूर अचानक मोडून वर खोट्या आवाजात उडी घेतो आणि परत खाली येतो. आपल्या तालमीत हा सांधा लपवायला शिकवतात. हँक तो सांधाच पुढे करतो. ‘लव्हसिक ब्लूज’मध्ये तो उघड उघड कसरत करतो. गाणं मुळात १९२२ चं, क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांचं, आणि फ्रेड रोझला ते अजिबात पसंत नव्हतं. २२ डिसेंबर १९४८ ला सिनसिनाटीच्या हर्झॉग स्टुडिओत हँकने हट्टाने ते केलं. त्या गाण्याच्या बळावर ११ जून १९४९ ला त्याला ऑप्रीचा मंच मिळाला. पण मला त्याची खरी कमाल नंतरच्या गाण्यांत दिसते, जिथे तो ही मोड जपून वापरतो. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’मध्ये ती जवळपास नाहीच. एखाद्या शब्दाच्या कडेला आवाज किंचित तडकतो, बस्स. कसरत येत असूनही न करणं, हे त्या वयात फार थोड्यांना जमतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तो सरळ गातो. त्याचाच समकालीन लेफ्टी फ्रिझेल एकेक स्वर वळवून, लांबवून, मात्रेच्या मागे रेंगाळत गायचा, आणि मर्ल हॅगर्ड, जॉर्ज जोन्स या पुढच्या कंट्री गायकांच्या गायकीत लेफ्टीची ती चाल स्पष्ट दिसते. हँकचा शब्द मात्रेवर येतो आणि तिथेच उभा राहतो. हे कुठून आलं याचा विचार करताना मला नेहमी रूफस पेनचं नाव घ्यावंसं वाटतं. ‘टी-टॉट’ या नावाने ओळखला जाणारा हा कृष्णवर्णीय वादक अलाबामाच्या रस्त्यांवर गायचा, आणि पोरवयातला हँक त्याच्या मागे फिरून शिकला. हँकने ते ऋण जाहीरपणे मान्य केलं होतं. त्याच्या गाण्यात कंट्रीच्या चौकटीत जो ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांचा झोका आहे तो तिथला. टी-टॉट १९३९ मध्ये गेला, शिष्याचं नाव व्हायच्या कितीतरी आधी. कंट्री संगीताच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा त्याच्या वाट्यापेक्षा खूप कमी आहे.

शब्दांच्या बाबतीत पुन्हा फ्रेड रोझकडे यावं लागतं. तो शिकागोत पॉप गाणी लिहिणारा पोटापाण्याचा गीतकार होता. रॉय एकफबरोबर त्याने १९४२ मध्ये नॅशव्हिलमध्ये प्रकाशनसंस्था काढली आणि १९४६ मध्ये हँक त्याच्याकडे आला. हँक घेऊन यायचा ती गाणी रोझ घासायचा: एक कडवं कमी कर, ही ओळ आधी आण, हा शब्द साधा कर. कुणाचा वाटा किती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही, कारण परिणाम समोर आहे. ‘हे, गुड लुकिन’ची बांधणी शहरी पॉप गाण्याची आहे, दोन सारखे भाग, मग एक वेगळा, मग पुन्हा पहिला, पण भाषा गावच्या पोराची. ‘जंबालाया’ तर लुइझियानाच्या केजन (फ्रेंच वंशाच्या) लोकांच्या चालीवर बेतलेलं, पूर्ण गाणं दोन कॉर्डवर. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत ते बँडवाले वाजवताना मी ऐकलंय. नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते हँकचं आहे हे ठाऊक नसतं, आणि त्याने गाण्याचं काही बिघडत नाही.

‘आय ॲम सो लोन्सम आय कुड क्राय’वर मात्र थांबायलाच हवं. ३० ऑगस्ट १९४९, पुन्हा सिनसिनाटी. स्टीलवर जेरी बर्ड, फिडलवर टॉमी जॅक्सन, गिटारवर झीक टर्नर आणि लुईस इनिस, बासवर अर्नी न्यूटन. तीन मात्रांचा वॉल्ट्झ. चार कडवी, ध्रुवपद नाही, मधला वेगळा भाग नाही. शीर्षकाची ओळ चारपैकी तीन कडव्यांच्या शेवटी येते, दुसऱ्यात तिच्या जागी चंद्र ढगाआड जाऊन रडतो. पहिल्या कडव्यात रात्रीचा पक्षी आणि मध्यरात्रीची आगगाडी, मग संपता न संपणारी रात्र, मग पानं मरू लागल्यावर रडणारा रॉबिन, शेवटी जांभळ्या आकाशातला निखळता तारा. गाणाऱ्याचं काय झालं, ती कोण होती, का गेली, यातलं एक अक्षर नाही. रॉबिनच्या ओळीतलं ‘तू कधी पाहिलंस का’ असं सहज विचारणं सोडलं, तर जिच्यासाठी गाणं आहे ती ‘तू’ अगदी शेवटच्या कडव्यात, शेवटून दुसऱ्या ओळीत येते. तोवर आपण समजत असतो की हा माणूस निसर्गाबद्दल बोलतोय. तिथे एकदम कळतं की तो सगळा वेळ कुणालातरी उद्देशून बोलत होता.

आणि हे तो कसं गातो? जवळजवळ काही न करता. आवाज चढवत नाही, हुंदका घालत नाही. जेरी बर्डची स्टीलही हेल्म्ससारखी टोचत नाही, मऊ सरकते. मी हे गाणं स्टीलवर वाजवायला बसलो तेव्हा कळलं की सूर सापडायला वेळ लागत नाही. दोन सुरांमधलं अंतर किती वेळात कापायचं, ते जमायला फार लागतो. जरा घाई केली की गाणं बोथट होतं, जरा रेंगाळलं की रडकं. त्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या एमजीएम कंपनीने ही बाजू तबकडीच्या मागे टाकली, पुढे ‘माय बकेट्स गॉट अ होल इन इट’ छापलं. आज मागची बाजू जगभर गायली जाते.

सगळंच असं नाही. ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या नावाने त्याने केलेली प्रवचनवजा निवेदनं मला आता ऐकवत नाहीत, एक-दोन सोडून. पहिली पत्नी ऑड्रीबरोबरची युगुलगीतं सुरात डळमळतात. ‘कॉ-लायगा’तला लाकडी पुतळ्याचा मूलनिवासी ही त्या काळची ढोबळ थट्टा आहे, जरी कडवी मायनरमध्ये (उदास सुरावटीत) आणि पुढचा भाग मेजरमध्ये (उजळ सुरावटीत) ठेवण्याची कल्पना झकास असली आणि तिथे ड्रमही असले. उलट त्याच्या विनोदी गाण्यांकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, ही मला मोठी उणीव वाटते. ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’ या १९४७ च्या गाण्यात उशिरा घरी आलेला नवरा कुत्र्याच्या घरात झोपायला जातो आणि कुत्र्याला सरकायला सांगतो. हा हसणारा हँक ऐकल्याशिवाय रडणारा पुरता समजत नाही, कारण दोघांची भाषा एकच आहे.

गाणं पक्कं बांधलेलं आहे की नाही हे ते दुसऱ्याच्या गळ्यात कसं उतरतं यावरून कळतं. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ १९५१ मध्ये पॉप गायक टोनी बेनेटने वाद्यवृंदासह गायलं आणि ते पॉपच्या यादीत पहिलं आलं. रे चार्ल्सने १९६२ मध्ये ‘यू विन अगेन’ आणि ‘हे, गुड लुकिन’ आपल्या ढंगात नेली. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिने २००२ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ जॅझच्या अंगाने म्हटलं. तिन्ही छान आहेत. तरी त्यांच्यानंतर मूळ रेकॉर्ड लावली की त्यात काही कमी आहे असं क्षणभरही वाटत नाही.

आता कुठून सुरुवात करायची. इथे सावध राहा. हँक गेल्यावर एमजीएमने त्याच्या गाण्यांवर वरून वाद्यं चढवली. १९६० च्या दशकात तर व्हायोलिनांचे ताफे, एको आणि मोनोतून बनवलेला नकली स्टिरिओ घालून ती विकली. त्या आवृत्त्या अजून फिरतात, आणि हँक आवडला नाही असं म्हणणारे बरेचजण त्याच ऐकलेले असतात. रोझने जो मधला पट्टा मोकळा ठेवला होता तोच यांनी भरून टाकला. म्हणून १९७८ चा ‘फोर्टी ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या, त्यात मूळ मोनो आहे. ओढ लागली की १९९८ चा दहा सीडींचा ‘द कम्प्लीट हँक विल्यम्स’.

त्यानंतर ‘मदर्स बेस्ट’ची रेकॉर्डिंग. ही पिठाची कंपनी. तिच्यासाठी १९५१ मध्ये हँक डब्ल्यूएसएमवर सकाळी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा, आणि दौऱ्यावर असला की आधीच ॲसिटेटच्या तबकड्यांवर भरून ठेवायचा. रेडिओ स्टेशन त्या कचऱ्यात टाकणार होतं, त्या वाचल्या, आणि २०१० पर्यंत सगळा संच बाहेर आला. ध्वनीच्या दृष्टीने त्या कित्येकदा एमजीएमच्या रेकॉर्डींपेक्षा सरस आहेत, आणि त्यांत हँक भजनं गातो, पिठाची जाहिरात करतो, वादकांची खेचतो. हेल्म्सची स्टील इथे जितकी जवळून ऐकू येते तितकी आणखी कुठे नाही. स्टील शिकणाऱ्याने त्या पेडल (पायाने दाबून तारेचा सूर बदलायची पट्टी) नसलेल्या वाद्याची ही रेकॉर्डिंग आधी ऐकावीत; सूर ताणत नेणारी पेडलची लकब हँकनंतर, १९५४ च्या सुमारास वेब पिअर्सच्या ‘स्लोली’पासून रुळली.

आणि ऐकताना एकदा मोठे स्पीकर बंद करून मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर, घरात भांडी आणि टीव्ही चालू असताना लावून बघा. मी जे वर लिहिलं ते कानाला आपोआप पटेल. शब्द कळायला मात्र पहिल्या दोन-तीन वेळा गाण्याचे बोल समोर ठेवा. अलाबामाची बोली कानाला सवयीची व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.